कितव्या मजल्यावर आहात?

माझी कवळी आणि माझ्या सुनेची बढती यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते. अर्थात तोंडावर हात धरून. कारण त्या दिवसांत माझ्या तोंडात वरचा एकही दात नव्हता.

सून लिफ्टच्या कंपनीत आहे. कंपनी दुसऱ्या शहरात आणि सून आमच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. पूर्वी त्या खोलीत शिलाई मशीन, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि माझे यजमान असत. यजमान गेले, मशीन भाचीला दिलं, गठ्ठे रद्दीत गेले. आता तिथे एक टेबल, एक संगणक, कानाला लावायचं यंत्र आणि भिंतीवर लिफ्टच्या आतल्या भागांचं मोठं चित्र आहे. कुठल्याही इमारतीत कंपनीची लिफ्ट अडकली की आतला माणूस घंटीचं बटण दाबतो आणि ती घंटी आमच्या घरात वाजते. मग ही त्या माणसाशी बोलत राहते, दुसऱ्या हाताने जवळच्या मेकॅनिकला पाठवते, आणि दार उघडेपर्यंत त्याला एकटं सोडत नाही.

मी स्वतः एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला यंत्र, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. लोक विचारतात, तुमचं सासू-सुनेचं इतकं जमतं कसं? कसं म्हणजे, दोघींचा धंदा एक. न दिसणाऱ्या माणसाशी बोलायचं, आणि त्याला वाटलं पाहिजे की आपण शेजारीच बसलोय.

मी भाजी निवडत निवडत तिचं बोलणं ऐकायची. एकदा एक प्राध्यापक अडकले होते. आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"मी कोण आहे ठाऊक आहे का तुम्हाला?"

"ते निवांत सांगा सर, वेळ आहे आपल्याकडे. आधी कितव्या मजल्यावर आहात ते सांगा."

हा तिचा पहिला प्रश्न, नेहमीचा. नाव नाही, गाव नाही, आधी मजला. कारण इमारत कुठली ते घंटीवरून कळतं, पण मेकॅनिकने कितव्या मजल्यावर धावायचं ते फक्त आतला माणूस सांगू शकतो. प्राध्यापक वीस मिनिटांनी सुटले तेव्हा तिला आपल्या मुलीच्या लग्नाची सगळी हकीकत सांगून झाली होती.

तर अशी ही सहा वर्षं त्या घंटीवर होती, आणि आता त्यांच्या आठ जणांच्या गटाची प्रमुख नेमायची होती. तिला ते पद हवं होतं. खुर्चीसाठी नाही. मागच्या वर्षी एक बाई दुपारी लिफ्टमध्ये अडकली, आणि जेवणाच्या सुट्टीत एकच माणूस कामावर होता, तोही दुसऱ्या फोनवर. घंटी चार मिनिटं वाजत राहिली, मग हातातला घास टाकून हिनेच उचलली.

"चार मिनिटं बाहेर असतात, आई. आत ती चाळीस होतात," ती मला म्हणाली होती. त्या दिवशी ती नीट जेवली नाही. तेव्हापासून तिने एका वहीत आठ जणांच्या पाळ्या आखून ठेवल्या होत्या, दुपारी कायम दोघं राहतील अशा. तीन वेळा वरच्यांना सांगून झालं. प्रमुखाशिवाय पाळ्या बदलता येत नाहीत, हेच उत्तर. म्हणून तिला प्रमुख व्हायचं होतं.

तिच्या साहेबांना मी 'मधाचं बोट' म्हणायची. बोलणं इतकं गोड की फोन ठेवल्यावर कान पुसावा. या मधाच्या बोटाने वर्षभरापूर्वी सगळ्यांच्या फोनमध्ये हजेरीचं ॲप टाकायला लावलं. फोन ज्याचा त्याचा, ॲप कंपनीचं. घरून काम करणारा माणूस घरीच आहे ना, हे ते बघत बसायचं. सून कचऱ्याची बादली घेऊन कोपऱ्यापर्यंत गेली तरी फोन बोलायचा, "आपण ठिकाणावर नाही आहात."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फोन टेबलावरच होता, बहुधा यंत्राचाच काही घोळ होता, आणि खोलीत मी एकटी. मला वाटलं मलाच म्हणतंय. मी म्हटलं, "माझं डोकं चांगलं ठिकाणावर आहे, तुझं बघ!"

मुलगा दारात उभा राहून हे ऐकत होता. "आई, फोनशी भांडू नकोस, तो ऐकून घेत नाही."

"तुझ्यासारखाच आहे म्हणजे," मी म्हटलं.

आमच्या वेळी ॲप नव्हतं, पण लाल बिल्ला होता. बोर्डावरून उठायचं झालं तर खिळ्यावरचा लाल बिल्ला काढून आपल्या खुर्चीला अडकवायचा. मागे उंच टेबलाशी मोठ्या बाई बसायच्या, त्या घड्याळ बघायच्या. पाच मिनिटं. पोट बिघडलेलं असो की मन. पण एक होतं. पाळी संपून दाराबाहेर पाऊल पडलं की आपण आपल्या. मग घड्याळवाल्याच्या दुकानासमोर कितीही वेळ उभं राहा, मोठ्या बाईंना पत्ता लागायचा नाही. मी पुष्कळ उभी राहिले. तो घड्याळवाला पुढे माझा नवरा झाला.

सुनेचं ॲप मात्र सुट्टीतही जागं असायचं. दुपारी एक ते दोन ही तिची जेवणाची सुट्टी. तेवढ्या वेळात कुठेही जायची मुभा होती, पण ती कुठे गेली हे ते टिपून ठेवायचं. आम्हाला हे माहीत होतं, पण लपवण्यासारखं काय होतं? ती भाजी आणायला जायची.

मग माझे दात आले. म्हणजे गेले. उरलेले तीन काढून वरची पूर्ण कवळी बसवायची ठरली. दातांची डॉक्टर आमच्या घरापासून सात मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. पाच मंगळवार जायचं होतं. मी आयुष्यात दोनच गोष्टींना भ्यायले, पाल आणि ती दातांची खुर्ची. सून म्हणाली, "दुपारी एकची वेळ घ्या, मी येते बरोबर." आणि पाचही मंगळवार आली. मी खुर्चीत, माझा हात तिच्या हातात. लिफ्टमध्ये चढताना ती कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "दुसऱ्या कंपनीची आहे. दोरखंड कुरकुरतोय. आमची अशी रडत नाही." माहेरचा अभिमान असतो तसा.

त्या दिवसांत मला 'स' आणि 'फ' म्हणता येत नव्हते. मुलगा म्हणाला, घरात किती शांतता आहे. मी त्याला काय म्हणाले ते त्याला कळलं नाही, हे बरंच झालं.

चौथ्या मंगळवारनंतर दोन दिवसांनी त्यांची संगणकावर बैठक झाली. दार उघडं होतं, मी बटाटे सोलत होते. मधाचं बोट म्हणालं, "प्रमुख म्हणून आम्ही आपल्या तरुण सहकाऱ्याला निवडलं आहे." आणि मग आमच्या सुनेला, "ताई, तुमचा विचार झाला होता बरं का. पण तुमच्यापुढे आता इतके सुंदर दिवस आहेत! धावपळ नको, ताण नको. स्वतःची काळजी घ्या."

सून गोंधळून "हो सर" म्हणाली. बैठक संपली. ती बाहेर आली, ओट्याला टेकून उभी राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं, तेच मला जास्त लागलं.

"सुंदर दिवस कुठले हो, आई?"

मला काय ठाऊक? मी आपला एक बटाटा सोलून तिच्यापुढे धरला. वेडेपणाच. पण तिने घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीकडून खोकं आलं. ती फोनवर होती म्हणून मुलाने फोडलं. आतून निघाले इवलेसे पिवळे मोजे, एक टोपरं, आणि चिठ्ठी, "नव्या पाहुण्याच्या स्वागतासाठी, लिफ्ट परिवाराकडून." टोपऱ्यावर कंपनीचं चिन्ह होतं, वर जाणारा बाण.

मुलगा मटकन खाली बसला. आधी पांढरा पडला, मग लाल झाला. सून बाहेर आली तर हा एक मोजा अंगठ्यात घालून बसलेला.

"अगं, मला आधी सांगायचंस! कंपनीला सांगितलंस आणि मला नाही?"

"काय सांगायचं?"

त्याने मोजा वर केला. तिने मोज्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? माझं वय आहे का?" ते 'वय' तेवढं नीट निघालं.

"आई शपथ, तसं काही नाही," सून म्हणाली. आणि मग एकदम थांबली. फोन उचलून तिने ॲपमधली जुनी नोंद उघडली. मंगळवार, एक वाजून आठ मिनिटं ते एक पन्नास. त्यापुढे छोट्या अक्षरांत ठिकाणाचं नाव, प्रसूतिगृह. त्याच्या आधीच्या मंगळवारी, प्रसूतिगृह. चारही मंगळवार.

दातांच्या डॉक्टरची पाटी वहीच्या पानाएवढी. खाली तळमजल्यावर मात्र प्रसूतिगृह, त्याची पाटी दरवाजाएवढी. नकाशावर ज्याची पाटी मोठी तेच खरं.

मुलगा हसायला लागला. हसून हसून त्याला ठसका लागला. मलाही हसू आलं, म्हटलं हसतील त्यांचे दात दिसतील, मला तर तीही भीती नाही. पण सून हसत नव्हती.

"म्हणजे मी चार मंगळवार कुठे गेले त्यावरून यांनी ठरवलं," ती म्हणाली. "मला विचारलंसुद्धा नाही."

तेव्हा मी जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. हा मुलगा पोटात होता तेव्हा मी एका सकाळी तीनदा लाल बिल्ला लावला. उलट्या होत होत्या. मोठ्या बाईंनी तीन बिल्ले मोजले आणि ओळखलं. त्याच महिन्यात वरिष्ठ ऑपरेटर नेमायची होती, आणि ते माझंच ठरलेलं होतं. बाईंनी मला बोलावून म्हटलं, "आता तुला झेपणार नाही गं." मी "हो बाई" म्हणून परत बोर्डावर बसले.

"पण निदान बाईंचा अंदाज खरा होता," मी म्हटलं.

सून म्हणाली, "खरा होता म्हणून योग्य होता का?"

अठ्ठेचाळीस वर्षं झाली त्या गोष्टीला. मी हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नव्हता. मुलगा अंगठ्यातला मोजा काढून त्याची घडी घालत बसला. त्याला बहुधा वाटलं, आपल्यामुळे आईचं पद गेलं. मी त्याच्या डोक्यावर टपली मारली. "तू नाही रे, बिल्ला."

पाचव्या मंगळवारी कवळी बसली. डॉक्टर म्हणाली, "आजी, हसा बघू." हसले. आरशात माझी थोरली बहीण दिसली, ती दातांनी माझ्यापेक्षा चांगली होती. घरी आलो तेव्हा दोनला सात कमी होते. सून म्हणाली, "आता साहेबांना फोन लावते. तुम्ही बसा इथेच."

संगणकावर मधाचं बोट आलं, हसरं. "बोला ताई, तब्येत काय म्हणते?"

"सर, गेल्या चार मंगळवारी दुपारी मी कुठे होते?"

"ते... ते तुमचं खासगी आहे ना, ताई."

"खासगी आहे, बरोबर. पण कुठे होते?"

"प्रसूतिगृहात," तो हळूच म्हणाला.

"कितव्या मजल्यावर?"

तो पडद्यावर काहीतरी शोधायला लागला.

"आपण अडकलेल्या माणसाला पहिला प्रश्न काय विचारतो, सर? तुम्हीच शिकवलंत. कितव्या मजल्यावर?"

"ॲपमध्ये मजला येत नाही, ताई."

"लिफ्टच्या कंपनीच्या ॲपमध्ये मजला येत नाही?"

मला राहवलं नाही. खुर्ची सरकवून मी तिच्या शेजारी गेले आणि पडद्याकडे बघून मोठ्ठं हसले. "हे बघा बाळ. तिसऱ्या मजल्यावर झालं. चौदा दातांसकट जन्मलंय."

साहेबांची दातखीळ बसली. मग बिचारा हसायला लागला, कपाळाला हात लावून. "माफ करा, आजी. माफ करा, ताई. फार मोठी चूक झाली."

मला वाटलं, झालं, मिटलं. पण सून म्हणाली, "ही चूक लहान आहे, सर. मोठी वेगळीच. मी खरंच गरोदर असते, तर?"

"आम्ही तुमच्या काळजीपोटीच..."

"काळजी होती तर विचारायचं होतं. मला काय झेपतं ते मी सांगितलं असतं. आणि सुट्टीतला तास माझा आहे ना? मग तो तुमच्याकडे कसा?"

"बघतो," म्हणाला. मोठ्या बाईंसमोर मी "हो बाई" म्हटलं होतं तेव्हा माझ्या पायांखाली कुठली फरशी होती तीही मला आठवते. आणि ही पोरगी, कानाला यंत्र लावून, आवाज न चढवता. मला एकाच वेळी अभिमान वाटला आणि स्वतःचा थोडा राग आला.

"बघतो" वर ती थांबली नाही. तिने गटातल्या सात जणांना लिहिलं, आपापल्या नोंदी उघडून बघा, तुम्ही कुठे कुठे असता. संध्याकाळपर्यंत उत्तरं आली, आणि जेवताना ती आम्हाला वाचून दाखवत होती. एकीचं घर दारूच्या दुकानावर, ती वर्षभर रोज आठ तास गुत्त्यात बसलेली. दुसऱ्याची खोली पोलीस ठाण्याला चिकटून, तो कायमचा कोठडीत. सगळ्यात मजेचं उत्तर नव्या प्रमुखाचं. त्याचं आजोळ स्मशानाच्या मागे, आणि तो दर रविवारी आजीला भेटायला जायचा.

"तरीच साहेब मला दर सोमवारी विचारायचे, घरी सगळं ठीक आहे ना," त्याने लिहिलं होतं. आणि खाली, "ताई, ते पद मला नको असं नाही. पण असं नको. पत्र लिहा, मी पहिली सही करतो."

पत्र साधं होतं. कामाच्या वेळेत संगणक चालू असतो, घंटी उचलली जाते, तेवढी हजेरी पुरे. आमच्या फोनमधून ॲप काढा, जुन्या नोंदी पुसा, आणि प्रमुखाची निवड पुन्हा करा, कामावरून. आठ सह्या. वरच्या कचेरीतल्या एका बाईंचा फोन आला, त्या पाऊण तास बोलल्या. मी ऐकत नव्हते. बरं, थोडं ऐकलं.

तीन आठवडे लागले. ॲप गेलं. जुन्या नोंदी पुसल्या असं पत्र आलं. मुलगा म्हणतो, अशा गोष्टी पूर्ण कधी पुसत नाहीत, असेल. निवडीसाठी दोघांनी आपापले पाच-पाच रेकॉर्ड झालेले जुने फोन द्यायचे होते, ते वरच्या कचेरीतल्या तिघांनी ऐकले. मी सुनेला म्हटलं, प्राध्यापकांचा दे. तिने तो नाही दिला, चार मिनिटं उशिरा उचललेला तो फोन दिला. "त्यात मी चुकले नव्हते, पण उशीर झाला होता. तोच ऐकू देत," म्हणाली. ती प्रमुख झाली. तरुण सहकारी तिच्या हाताखाली, आणि खूश. आता दुपारी कायम दोघं असतात. मोजे आणि टोपरं तिने तळमजल्यावरच्या प्रसूतिगृहात नेऊन दिलं. तिथल्या नर्सने बाण बघून विचारलं म्हणे, "हे काय, मुलगा वर जाणार की काय?" सून म्हणाली, "लिफ्टने."

त्यानंतरच्या मंगळवारची गोष्ट. एक वाजला. सुनेने कानाचं यंत्र काढलं, फोन टेबलावरच ठेवला, केस विंचरले, चपला घातल्या. हातात पिशवी नव्हती. म्हणजे भाजी नाही. माझ्या दवाखान्याच्या फेऱ्या संपलेल्या, म्हणजे दातही नाहीत. एक्स्चेंजमध्ये मी परक्यांची किती गुपितं कानांनी गिळली, पण घरात "कुठे गं?" हे माझ्या तोंडातून आपोआप निसटतं. या वेळी नव्या दातांमागे अडवून धरलं. माझी आई म्हणायची, निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये, 'लांब का' म्हणावं.

"लांब का गं?" मी म्हटलं.

ती दारात वळली. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं मी काय गिळलं ते, आणि ती हसली. "नाही, इथेच."

दोनला दहा कमी असताना परत आली. केस विस्कटलेले, गाल लाल, कसलंसं गाणं गुणगुणत. सांगितलं काहीच नाही. मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही.